फ्रेम कुठे अडते?

घरी जोडलेल्या कॉम्प्युटरवर गेम अडखळायला लागला की बहुतेक पोरांचा निकाल आधीच लागलेला असतो: ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, मोठं घ्यायला पाहिजे. लातूर-परभणीकडे हा निकाल फार महागात जातो. सुटे भाग ऑनलाइन मागवलेले, कार्ड कुणी पुण्याहून येताना आणलेलं, जोडणी व्हिडिओ बघून घरीच केलेली. अडलं तर दाखवायचं कुणाला, हा प्रश्न असतोच. दुकानदार नवं कार्ड विकेल, पण तुमच्या टेबलावर जुन्या कार्डाचं नेमकं काय होतंय हे त्याला तिथे बसून दिसत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजायला एक रुपयाही लागत नाही.

पडद्यावरचा खेळ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. प्रत्येक चित्र एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतला असेल, तर फक्त ६.९. एवढ्या वेळात प्रोसेसरनं कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कोणती वस्तू कुठे दिसली पाहिजे याचा हिशेब करून यादी द्यायची आणि कार्डानं त्या यादीवरून १०८० च्या पडद्यावरच्या साडेवीस लाखांहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवायचे. दोघांचं काम एकाच वेळी चालतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं, तोवर प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. एकीनं भाकरी थापायची आणि दुसरीनं तव्यावर भाजायची, तसं. थापणारीचा हात सावकाश असेल तर तवा रिकामा तापत राहतो, आणि मग तवा कितीही मोठा आणला तरी भाकरी वाढत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच: कोण कुणासाठी थांबलंय? एमएसआय आफ्टरबर्नरसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतो. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड जीव तोडून काम करतंय. तो ५०-६० टक्क्यांवर असेल आणि फ्रेमवर तुम्ही स्वतः काही मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड कुणाची तरी वाट पाहतंय. खात्री करायची एक साधी युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १०८० वरून ७२० वर आणा. ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे कार्डाचं बरंचसं काम निम्म्याहून कमी होतं. प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची. आकडा जागचा हलला नाही, तर नवं कार्ड आणूनही तो हलणार नाही.

परभणीच्या माझ्या भाच्याला हे पटत नव्हतं. "मामा, सीपीयू तर तीसच टक्के चालतोय, मग तो कसा काय कमी पडंल?" सीपीयू म्हणजे प्रोसेसरच. शंका रास्त आहे आणि ती पुष्कळांना येते. विंडोजमधला टास्क मॅनेजर जो आकडा दाखवतो तो सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांची, सरासरी असतो. थ्रेड म्हणजे ओळीनं चालणारं एक काम. सहा कोअर असलेल्या आणि असे बारा थ्रेड एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड शंभर टक्के भरला, तरी सरासरीत तो जेमतेम ८ टक्के दिसतो. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. तो अडला की सगळे अडले. काम कितीही जणांत वाटलं, तरी जो भाग एकानंच ओळीनं करायचा असतो तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (एक थ्रेड चालवणाऱ्या जागेचा) वेगळा आलेख लावून पाहावा. तिथेही विंडोज एकच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, तेव्हा ७२० ची चाचणीच जास्त भरवशाची.

आता जोडणीतल्या चुकांकडे. सगळ्यात जास्त आढळणारी चूक कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असते. वर यूएसबीच्या शेजारी एचडीएमआयचं एक तोंड असतं, ते मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाचं. खाली आडव्या पट्टीत दोन-तीन तोंडं असतात, ती कार्डाची. मॉनिटरची केबल वरच्या तोंडात खोचली, की चित्र बहुतेकदा प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर तयार होतं आणि हजारोंचं कार्ड नुसतं पंखे फिरवत बसतं. यात एक गंमत आहे. प्रोसेसर इंटेलचा 'एफ' अक्षराचा असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. पडदा काळाच राहतो आणि चूक त्याच मिनिटाला कळते. साध्या १२४०० मध्ये ग्राफिक्स असतं, म्हणून चित्र येतं, विंडोज चालतं, सिनेमा दिसतो, आणि चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते.

रॅमचं, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीचंही असंच आहे. ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बसवली म्हणून ती ३२०० वर चालतेच असं नाही. बोर्ड आधी सुरक्षित वेग धरतो, २१३३, २४०० किंवा २६६६, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची रॅमच्या वेगाची नोंद चालू करेपर्यंत तिथेच राहतो. त्यातून १६ जीबीची एकच पट्टी घेतलेली असेल, तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली अर्धी वाट बंद. ३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते, दोन पट्ट्या बरोबर जागी असतील तर ५१.२. चार खाचांच्या बोर्डावर बरोबर जागा म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन असूनही एकाच वाटेवर येतात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्रासकट दिलेलं असतं.

मॉनिटर १४४ चा घेतला आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिला, हेही नेहमीचं. तिथे जाऊन बदलायचं, काम संपलं.

काही वेळा मात्र चूक जोडणीत नसते, निवडीत असते, आणि ती चाचणीशिवाय ओळखणं अवघड असतं. कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या त्या काळात अनेकांनी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. आत ग्राफिक्स आहे, कार्ड नंतर घेऊ, असा विचार. तो चुकीचा नव्हता. पुढे २०२२ मध्ये रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड आलं आणि ते त्यावर चढलं. हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनमधून, म्हणजे चार समांतर वाटांतून बोलतं आणि त्यासाठी पीसीआय एक्सप्रेस या जोडणीची चौथी पिढी धरून बनवलंय. ५६००जी मात्र तिसऱ्या पिढीवर थांबतो. चार लेन आणि तिसरी पिढी मिळून सेकंदाला सुमारे ४ जीबीची वाट उरते. कार्डावर स्वतःची ४ जीबी मेमरी आहे, ती सेकंदाला १४४ जीबी वेगानं चालते. गेमचे टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं, तिच्यात मावतात तोवर सगळं ठीक. ते ओसंडले की जास्तीची माहिती साध्या रॅममध्ये जाते आणि प्रत्येक वेळी त्या ४ जीबीच्या वाटेनं आणावी लागते. छत्तीस पट फरक. यावर खर्चाविना उपाय आहे, टेक्श्चरची पातळी एक पायरी खाली आणणं. चित्रात फरक थोडा दिसतो, चालण्यात फार. ५६००जी मधली कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, तीही १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२. गेमची माहिती रॅममध्ये विखुरलेली असते आणि कॅशेत नसली की प्रोसेसरला तिची वाट पाहावी लागते, म्हणून हा फरक खेळातच जास्त जाणवतो.

सरासरीनंही फसायला होतं. सेकंदात ५८ फ्रेम आल्या, पण त्यातली एक १०० मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या ५७ प्रत्येकी १५.८ मध्ये आल्या, तर आकडा छान दिसतो आणि हाताला मात्र झटका बसतो. म्हणून सरासरीशेजारी '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा वेग सांगणारा आकडा पाहायचा. झटके बहुतेक जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलेल्या गेममुळे किंवा भरलेल्या रॅममुळे येतात. काही गेम नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर शेडर (रंग-सावली ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करताना अडतात आणि दुसऱ्यांदा सुरळीत चालतात. ऑनलाइन खेळातला नेटचा उशीर हा प्रकार पूर्ण वेगळा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नांदेडपासून मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत तारेची वाट ६०० किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. पिंग, म्हणजे हा जाऊन-येऊनचा वेळ, शंभरावर असेल, तर दोष या अंतराचा नाही, वायफायचा किंवा मधल्या गर्दीचा आहे, किंवा गेमनं तुम्हाला भारताबाहेरच्या सर्व्हरला जोडलंय.

लाईटवरही खापर फुटतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरतं हे खरं. पण चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी, तेव्हा जास्त करंट ओढून आतले १२ व्होल्ट तेवढेच ठेवतो. ३०० वॉटसाठी २३० व्होल्टला १.३ अँपिअर लागतात, १७० ला पावणेदोनच्या वर. एफपीएस, म्हणजे सेकंदाच्या फ्रेम, त्यानं घटत नाही. जमेल तोवर चालतं आणि नाही जमलं की मशीन एकदम बंद पडतं. तसंच यूपीएसचं. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. १७० वॉटचं कार्ड, प्रोसेसर, बोर्ड आणि मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या काठाला पोचतात, आणि ऐन खेळात लाईट गेली की बॅटरी चांगली असूनही तो आवाज करून बंद होतो.

आणि आपल्याकडचा खरा शत्रू, ऊन. कूलर, म्हणजे धातूच्या पात्या आणि पंखा, बसवलेल्या प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर रचलेलं असतं. समजा ७५ वॉट खर्च होतात आणि कूलर दर वॉटला ०.६ अंश असा फरक ठेवतो. म्हणजे प्रोसेसर भोवतीच्या हवेपेक्षा ४५ अंश जास्त तापणार. जानेवारीत सकाळी खोली २० अंशांवर असेल तर ६५. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर जाणं नेहमीचं. पत्र्याच्या खोलीत दुपारी आतही ४० सहज असतं. झाले ८५. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात भिंतीला टेकवून ठेवलं असेल, तर आतली हवा अजून सात-आठ अंश वर. प्रोसेसरच्या जातीनुसार ९० ते १०० अंशांच्या आसपास मर्यादा असते; तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. कार्ड तर मर्यादेच्या बरंच आधीपासून पायरी-पायरीनं वेग उतरवत येतं. सकाळी नीट चाललेला गेम दुपारी जड झाला, तर गेमच्या त्याच जागी उभं राहून दोन्ही वेळचं तापमान आणि क्लॉक (चिप किती वेगानं चालतेय तो आकडा) लिहून ठेवा. मग बाजूचा पत्रा काढून पुन्हा पाहा. आठ-दहा अंश उतरले, तर हवेला वाट नाही एवढंच कारण आहे.

पत्रा काढूनही उतरलं नाही, तर कूलर उघडावा. कूलरच्या तळाला चिकटलेली पारदर्शक प्लास्टिकची चकती न काढताच तो बसवलेला असणं अजिबात दुर्मीळ नाही. हवेपेक्षा तांबं उष्णता साधारण १५ हजार पट चांगली वाहून नेतं, त्यामुळे धातू आणि धातू यांच्यात केसाएवढी हवा राहिली तरी भारी पडते. कूलरखाली लावायची पेस्ट तेवढ्याच फटी बुजवायला असते. आणि धूळ. सोयाबीन-तुरीची मळणी, काळ्या मातीचा फुफाटा, कपाशीचे तंतू, हे सगळं पंख्यातून आत येऊन पात्यांमध्ये नमद्यासारखं बसतं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा, मोकळा गरगर फिरू देऊ नये.

खोलीत लावायच्या पाण्याच्या कूलरचा फायदा होतो का, हे मला वारंवार विचारलं जातं. होतो, आणि मराठवाड्यात फार चांगला होतो. आपला उन्हाळा कोरडा आहे. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडून हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या गवताच्या कूलरमधून ती २८-३० ची मिळते. खोली जितकी उतरली, जवळपास तितकाच प्रोसेसर उतरतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा लाभ संपतो. पण झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बोअरच्या पाण्यातला क्षार बारीक तुषारांबरोबर उडतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो, तोच बोर्डावर बसला तर ओल धरतो आणि पिना गंजतात. कॅबिनेट झोतापासून दूर, जमिनीपासून थोडं वर असावं आणि एक खिडकी उघडी असावी.

एवढं करूनही दुपार जड जात असेल, तर कामच थोडं कमी करावं. चिपचा बराचसा खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर त्याच वेगाला जवळपास १९ टक्के वीज वाचते, आणि कार्डं बहुधा एवढी उतरण सोसतात. थोडं-थोडं उतरवत, प्रत्येक पायरीला तासभर खेळून पाहायचं. त्याहून सोपं म्हणजे फ्रेमवर मर्यादा घालणं. १४४ च्या मागे न लागता मे महिन्यात दुपारी ७२ वर अडवलं, की कार्डाला प्रत्येक फ्रेममागे विश्रांती मिळते, तापमान उतरतं आणि फ्रेम सारख्या अंतरानं येतात. संध्याकाळी खोली निवली की मर्यादा काढून टाकायची.