अखंड प्लवक-नोंदणी

चालत्या जहाजामागे यंत्र ओढून समुद्राच्या वरच्या थरातील प्लवकांचे सलग नमुने गोळा करण्याची पद्धत आणि या पद्धतीने चालणारे दीर्घकालीन सर्वेक्षण. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसलेल्या सजीवांना प्लवक म्हणतात. त्यात सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे वनस्पतिप्लवक येतात, तसेच त्यांच्यावर जगणारे प्राणिप्लवकही येतात. मासे, समुद्रपक्षी आणि देवमासे या सर्वांचे पोट अखेर यांच्यावरच भरते. तापमानवाढीमुळे समुद्रातील जीवसृष्टी कशी सरकत आहे, याविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्यातला मोठा वाटा या नोंदणीचा आहे.

ही पद्धत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी (१८९६–१९८५) यांची. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून ते इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथील मत्स्यसंशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे हेरिंग मासा वयाच्या कोणत्या टप्प्यावर काय खातो, हे त्यांनी माशांच्या जठरांतील अन्न तपासून मांडले. पुढे १९२५–२७ या काळात देवमाशांच्या अभ्यासासाठी ‘डिस्कव्हरी’ जहाज दक्षिण महासागरात गेले, त्यावर ते प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ होते. देवमासे क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्यांवर जगतात, म्हणून क्रिल आणि इतर प्लवक कोठे किती आहेत हे मोजणे भाग होते. प्रचलित रीत अशी, की जहाज थांबवायचे, जाळे सोडायचे, वर काढायचे आणि पुढच्या ठिकाणी जायचे. पण प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात. त्यांचे दाट पट्टे असतात आणि मध्ये विरळ पाणी असते. दोन थांब्यांच्या मधला दाट पट्टा जाळ्याला सापडतच नाही. म्हणून जहाज न थांबवता अखंड नमुना घेणारे यंत्र हार्डींनी याच मोहिमेसाठी बनवले.

१९२८ मध्ये ते इंग्लंडमधील हल येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हल हे मासेमारीचे मोठे बंदर. हार्डींनी मच्छीमारांसाठी एक लहान सोपे उपकरणही तयार केले होते. त्यात रेशमाची एक गोल चकती असे. चकती हिरवी होऊन आली तर त्या पाण्यात हेरिंग कमी सापडतो, असे दिसून आले होते. नोंदयंत्रासाठी मात्र त्यांनी संशोधन-जहाजाची वाट पाहिली नाही. नेहमीच्या मार्गाने ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांनी यंत्र ओढण्याची विनंती केली. १९३१ मध्ये उत्तर समुद्रात ही सुरुवात झाली. यंत्राइतकीच ही कल्पनाही मोलाची होती, कारण संशोधन-जहाज वर्षातून काही आठवडेच एका भागात असते, तर मालवाहू जहाज महिन्यामागून महिने त्याच वाटेने जाते. आजही नोंदणी अशाच जहाजांवर, खलाशांच्या मदतीने चालते.

यंत्र बाहेरून एखाद्या जाड धातूच्या माशासारखे दिसते. लांबी सुमारे एक मीटर, मागे शेपटीसारखे पंख. पोलादी दोराने ते ७ ते १० मीटर खोलीवर ओढले जाते. तोंडाशी जेमतेम सव्वा सेंटिमीटर रुंदीचे चौकोनी छिद्र असते. तेथून आत आलेले पाणी रुंद होत जाणाऱ्या बोगद्यात मंदावते आणि रेशमाच्या जाळीदार पट्टीतून गाळले जाते. मागच्या बाजूचा पंखा पाण्याच्या रेट्याने फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत पट्टी पुढे सरकवतो. जहाज जितके अंतर जाईल, त्या प्रमाणात पट्टी सरकते. प्लवक अडकलेल्या या पट्टीवर दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते आणि दोन्ही मिळून नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. जहाजाने केलेला सारा प्रवास अशा रीतीने रेशमाच्या एका गुंडाळीत मावतो.

प्रयोगशाळेत गुंडाळी उलगडून तिचे १० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण १८.५ किलोमीटरचा एक, असे तुकडे पाडतात. एका तुकड्यातून सुमारे ३ घनमीटर पाणी गाळले गेलेले असते. तुकडे कापण्याआधी पाहायचा तो रंग. रेशमावरची हिरवी झाक ठरलेल्या रंगपट्टीशी ताडून चारांपैकी एका पायरीत बसवतात. एवढ्या साध्या नजरेच्या मोजमापातून वनस्पतिप्लवकांच्या एकूण प्रमाणाचा कित्येक दशकांचा आलेख मिळाला आहे. मग सूक्ष्मदर्शकाखाली जातींची ओळख आणि मोजदाद होते. जाळीची छिद्रे २७० मायक्रोमीटरची असतात आणि कृत्रिम धाग्यांच्या काळातही रेशीम बदललेले नाही. छिद्रे, खोली, मोजण्याची रीत यांपैकी काहीही बदलले, तर नवे आकडे जुन्यांशी ताडता येणार नाहीत. या हट्टामुळेच १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आकडेवारी एका सूत्रात वाचता येते.

या मोजणीला किती तयार नजर लागते, हे कॅलॅनस या वंशावरून कळते. तांदळाच्या दाण्याहून लहान असे हे कवचधारी प्राणी. उत्तर अटलांटिकमध्ये त्यांच्या दोन जाती महत्त्वाच्या: थंड पाण्यातली फिनमार्किकस आणि उबदार पाण्यातली हेल्गोलँडिकस. दोन्ही शेजारी ठेवल्या तरी फरक दिसत नाही. पाचव्या पायाच्या आतल्या कडेची वळणाची रेषा पाहूनच पूर्ण वाढलेल्या मादीची जात ठरवतात. उत्तर समुद्रात १९६० च्या दशकात फिनमार्किकसचे वर्चस्व होते. पाणी तापत गेले तसे पारडे हेल्गोलँडिकसकडे झुकले. एका जातीची जागा दुसरीने घेतली, तर बिघडले काय, असे वाटू शकते. बिघडते ते वेळापत्रक. फिनमार्किकस वसंतात भरात असते, तर हेल्गोलँडिकस शरदाकडे. कॉड माशाच्या पिल्लांना वसंत-उन्हाळ्यातच पोटभर खाणे लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने कॉडच्या पिल्लांचे जगणे आणि प्लवकांतील हा बदल यांचा संबंध दाखवला. अतिमासेमारीने आधीच खचलेल्या कॉडला हा दुसरा फटका होता.

त्याआधी २००२ मध्ये ग्रेगरी बोग्रां आणि सहकाऱ्यांनी १९६० ते १९९९ या काळातील नोंदी तपासल्या होत्या. ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातल्या कॅलॅनससदृश जाती १० अक्षांशांहून अधिक, म्हणजे हजार किलोमीटरपेक्षा जास्त उत्तरेला सरकल्या आणि थंड पाण्यातल्या जाती घटल्या, असे त्यांना आढळले. जमिनीवरच्या प्राण्यांचे स्थलांतर यापुढे फार संथ वाटते. २००४ मध्ये मार्टिन एडवर्ड्‌स आणि अँथनी रिचर्डसन यांनी उत्तर समुद्रातील ६६ गटांचे ऋतुमान तपासले. समुद्रतळाशी वाढणाऱ्या प्राण्यांचे तरंगते डिंभ (बाल्यावस्थेतील जीव) भरात येण्याची वेळ २७ दिवसांनी अलीकडे आली होती, कॅलॅनस ज्या गटात मोडतो त्या कोपेपॉडांची सुमारे १० दिवसांनी. वसंतात उमलणारे डायाटम (एकपेशीय वनस्पतिप्लवक) मात्र जवळपास जुन्याच तारखेला येत होते, कारण त्यांना दिवसाची लांबी खूण देते, तापमान नव्हे. खाणारा आधी हजर आणि अन्न मागाहून, अशी ही फारकत आहे.

सर्वांत चकित करणारी नोंद निओडेंटिकुला सेमिनी या डायाटमची. पॅसिफिकमधली ही जात उत्तर अटलांटिकमधून ८ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. १९९९ मध्ये ती लॅब्राडोर समुद्रातल्या नमुन्यांत सापडली. कॅनडाच्या उत्तरेकडचे बर्फ विरळ झाल्याने तिला आर्क्टिकमधून वाट मिळाली असावी, असे मानतात.

जपून ठेवलेल्या रेशमाने हार्डींना स्वप्नातही नसतील अशा प्रश्नांचीही उत्तरे दिली. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन यांच्या गटाने १९६० च्या दशकापासूनच्या जुन्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू आढळले आणि नंतरच्या दशकांत ते वाढलेले दिसले. यंत्रात काय काय अडकले, याची नोंद ठेवणाऱ्या वह्यांमध्ये प्लॅस्टिकचा पहिला उल्लेख १९५७ चा आहे.

पद्धतीला मर्यादा आहेत. जेलीफिशसारखे मऊ देहाचे प्राणी रेशमात चिरडतात आणि ओळखता येत नाहीत. अतिसूक्ष्म प्लवक बरेचसे निसटून जातात. दिवसा खोल जाणारे आणि रात्री वर येणारे प्राणी यंत्र कोणत्या वेळी गेले यावर कमी-जास्त मिळतात. त्यामुळे ‘अमुक घनमीटरमध्ये अमुक प्राणी’ या निव्वळ संख्येपेक्षा वर्षावर्षांमधली तुलना अधिक विश्वासाची.

दुसऱ्या महायुद्धात काम थांबले होते, १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी निधी आटल्याने सर्वेक्षण बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा अनेक देशांच्या पाठिंब्याने हार्डींच्या नावाचे प्रतिष्ठान उभे राहिले. हवामानबदलाविषयी वर सांगितलेले सारे निष्कर्ष त्यानंतरच्या काळातले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे तेव्हा काय गमावले असते ते उमगते. प्रतिष्ठान २०१८ मध्ये प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेत विलीन झाले. याच धर्तीवर दक्षिण महासागरात १९९१ पासून ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने नोंदणी होते आणि उत्तर पॅसिफिकमध्येही ती चालते.