खणून झाकलेला रस्ता आणि आतून कोरलेला बोगदा: द्वारकेबद्दल बोलताना आपण नक्की कशाबद्दल बोलतोय?

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकचा विषय निघाला की कुणीतरी लिहितंच, इगतपुरीला डोंगर फोडून ८ किलोमीटरचा बोगदा होतो, मग गरवारे पॉइंट ते आडगाव हायवे जमिनीखालून न्यायला काय होतंय. लगेच खाली दुसरा लिहितो, नको रे बाबा, पाच वर्षं अख्खं शहर खणून ठेवतील. दोघं दोन वेगळ्या प्रकारच्या बांधकामांबद्दल बोलतायत आणि भांडतायत मात्र एकच गोष्ट समजून. सिंहस्थाच्या कामांची चर्चा सुरू झाल्यापासून तर हे रोज वाचायला मिळतंय, म्हणून एकदा नीट मांडतो.

इगतपुरीचा समृद्धीवरचा बोगदा तुम्ही बघितलाय, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून निम्मं नाशिक त्यातून मुंबईला जाऊन आलंय, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगत नाही. दोन बाजूंनी आत शिरायचं, खडक फोडत फोडत पुढे जायचं, मागून आधार देत यायचं. वरच्या डोंगराला हात लावायचा नाही. मुंबईत कोस्टल रोडला मलबार हिलखाली हेच काम 'मावळा' नावाच्या टीबीएमने (बोगदा कोरणाऱ्या मशीनने) केलं, १२.१९ मीटर व्यासाचं मशीन, दोन्ही बोगदे प्रत्येकी साधारण २ किलोमीटरचे. ब्लास्टिंग चांगलं की मशीन यावर लोक तासनतास वाद घालतात, पण नाशिकच्या प्रश्नात तो फरक दुय्यम आहे. दोन्हीकडे काम आतून होतं आणि वरची जमीन शाबूत राहते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा प्रकार म्हणजे कट अँड कव्हर. यात वरून खणतात. आधी दोन्ही बाजूंना जमिनीत खोलवर काँक्रीटच्या भिंती उतरवायच्या, मधली माती आणि खडक काढायचा, खाली स्लॅब, वर स्लॅब, मग भराव टाकून पुन्हा रस्ता. कधीकधी वरचा स्लॅब आधी टाकतात, त्यावरून ट्रॅफिक सुरू करतात आणि खालून खणत राहतात, म्हणजे लोकांचे हाल थोडे कमी होतात. पण खणायच्या आधी त्या पट्ट्यातली ड्रेनेज, पाण्याची मेन लाइन, गॅस, केबल हे सगळं हलवावं लागतं आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष त्यातच जाऊ शकतं. इंदिरानगरला हायवेखालून आरपार जातो त्याला आपण बोगदा म्हणतो, तो खरं तर याच कुळातला, फक्त अगदी छोटा. दिल्लीतला प्रगती मैदानचा १.३ किलोमीटरचा रस्ता मोठ्या प्रमाणात असाच बांधलाय, रेल्वेच्या रुळांखाली तेवढे काँक्रीटचे बॉक्स ढकलत नेले. २०२२ ला सुरू झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात पाणी साचून बंद ठेवावा लागला, त्या पाण्याबद्दल शेवटी बोलतो.

पंखे, लाइट, आग लागली तर पळायचे दरवाजे यात दोन्हींत फार फरक नसतो, सोडून द्या.

आता जिथे सगळे घसरतात ते. लोकांना वाटतं फरक एवढाच की एकात त्रास होतो आणि दुसऱ्यात होत नाही, म्हणजे मग पैसे असतील तर कोरीव बोगदाच घ्यावा, विषय संपला. तसं अजिबात नाहीये. खरा फरक खोलीचा आहे आणि खोलीमुळे पुढे काय होतं ते कुणी बघतच नाही. कट अँड कव्हरमध्ये गाडीला साडेपाच मीटर उंची, वर पंखे आणि स्लॅब, त्यावर थोडी माती असं धरलं तर खालचा रस्ता जमिनीपासून ८-९ मीटरवर येतो. ४ टक्के उतार धरला, कारण भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त चढ देणं बरोबर नाही, तर वर यायला साधारण २०० ते २२५ मीटर रॅम्प लागतो. कोरीव बोगद्याला मात्र डोक्यावर पुरेसा खडक लागतो, ढोबळमानाने बोगद्याच्या व्यासाएवढा तरी. १३ मीटरचा बोगदा धरा, डोक्यावर १३ मीटर, म्हणजे रस्ता २२ मीटरच्या आसपास खाली. त्याच उताराने वर यायला ५५० मीटर. म्हणजे मुंबई नाक्याला बाहेर पडायचं असेल तर बराच आधीपासून चढायला लागायचं, त्यासाठी मुख्य बोगद्यातून फाटा फोडायचा आणि तो जिथे वर येतो तिथे शेवटी खणावंच लागतं. कोस्टल रोडलाही दोन्ही टोकांना कट अँड कव्हर आहेच, 'वर काही खणावं लागत नाही' हे वाक्य कुठल्याच बोगद्याबद्दल पूर्ण खरं नसतं.

आणि फाटा फोडणं सोपं नाही. टीबीएम गोल भोक पाडतं, त्याला मधेच रुंद व्हायला सांगता येत नाही. सिडनीत रोझेलला जमिनीखाली अख्खं इंटरचेंज केलंय, २०२३ ला सुरू झालं, पण ते रोडहेडरने, म्हणजे दांड्यावरच्या दातेरी डोक्याने हवा तसा खडक कुरतडणाऱ्या मशीनने, तिथल्या वालुकाश्मात. आपल्याकडे बेसॉल्ट, काळा कठीण दगड, मधेमधे 'लाल बोल' म्हणतात त्या लाल मातीचे मऊ थर, इथे त्याच सहजतेने होईल असं धरून चालणं चूक आहे, आणि ब्लास्टिंग करायचं तर वर जुन्या नाशकातले वाडे आहेत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं त्यासाठी अमेरिकेतली दोन शहरं बघा. दोघांनी शहराच्या मधून जाणारा उड्डाणपुलावरचा हायवे पाडून जमिनीखाली नेला. सिएटलने कोरीव बोगदा घेतला, १७.५ मीटरचं मशीन, बर्था नाव, डिसेंबर २०१३ ला अडकलं ते दोन वर्षं बंद, दुरुस्तीसाठी वरून प्रचंड खड्डा खणावा लागला, शेवटी २०१९ ला रस्ता सुरू झाला. पण जुन्या पुलावरून डाउनटाउनमध्ये उतरता यायचं, बोगद्यातून मधे कुठेच उतरता येत नाही. या टोकाला आत गेलात की त्या टोकाला बाहेर. बॉस्टनने १९९१ पासून चालू पुलाच्या खालीच खणलं, आधी बाजूच्या भिंती उतरवल्या, पुलाचा भार त्यांवर घेतला आणि मग माती काढली. २००७ उजाडलं, खर्च अफाट वाढला, शहराने वर्षानुवर्षं सोसलं. पण जुन्या पुलाला २७ रॅम्प होते त्यातले कमी करूनही १४ राहिले, म्हणजे लोक अजून शहरात उतरू शकतात. मला विचाराल तर बॉस्टनने जास्त सोसलं आणि शहराच्या कामाचा रस्ता मिळवला.

आता द्वारका. मुंबईहून धुळ्याला जाणारा ट्रक आजही डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून जातो, तो चौकात उतरतच नाही. खाली अडकलेली गर्दी नाशिकरोडची, भद्रकालीची, पंचवटीची, मुंबई नाक्याकडून पुणे रोडला वळणारी. गरवारे ते आडगाव खोल बोगदा उद्या फुकट मिळाला तरी यातली एक रिक्षा कमी होणार नाही, कारण यातल्या कुणालाच आडगावला बाहेर पडायचं नाहीये! तिथे हवाय तो उथळ, छोटा, योग्य ठिकाणी वर येणारा रस्ता, म्हणजे कट अँड कव्हर, आणि तो हवा असेल तर खणकाम सोसायची तयारी ठेवायला पाहिजे. उड्डाणपुलाचे खांब मधे आहेत, त्यांचा पाया सांभाळून काम करावं लागेल, ते अवघड आहे, पण निदान प्रश्न तरी बरोबर सुटेल. चॅनेलवाले कुठल्याही भुयारी रस्त्याच्या बातमीला गोल गोल फिरणाऱ्या मशीनचं अ‍ॅनिमेशन लावतात, त्याचा मला फार राग येतो, निम्मा गोंधळ तिथून येतो.

गोदावरीचा मुद्दा तेवढा कोरीव बोगद्याच्या बाजूने जातो. कन्नमवार पुलाजवळ नदीखालून न्यायचं तर खणून झाकायला पात्र अर्धं-अर्धं अडवावं लागेल, तेही पावसाळा सोडून. कोरीव बोगदा खडकातून जाईल, पण अजून खोल, म्हणजे रॅम्प अजून लांब. आणि प्रकार कुठलाही असो, पाणी शिरतं ते तोंडातून. दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी किती आलं यावर आपण पूर मोजतो, तर उद्या एखादा नकाशा समोर आला की त्यात मशीन कुठलं ते नका शोधू, रॅम्प कुठे वर येतोय आणि ती जागा पूररेषेच्या वर आहे का ते आधी बघा.