ठाण्यात शिवलेला प्लेअर कोपरखैरण्यात उसवला

कोपरखैरण्याच्या मामाकडे जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगचा मोठा साठा आहे. त्यातलं एक पांढरी तीनमधलं, आणि मामा गातो काळी एकमध्ये. लय तीच ठेवून पट्टी तेवढी उतरवून दे, एवढीच त्याची मागणी. म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. बारा पट्ट्यांत कंपनसंख्या दुप्पट होते, त्या हिशोबाने तीन उतरायला ती ०.८४ पट करायची.

एमपीव्ही हा मोफत प्लेअर रबरबँड नावाच्या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामना वापरता येईल अशा तयार कोडच्या) मदतीने हे काम छान करतो. नौपाड्यातल्या घरी मी तो सोर्सवरून स्वतः कंपाइल केलेला होता, म्हणजे मूळ लिहिलेल्या कोडपासून संगणकाला चालवता येईल अशी फाइल बनवली होती. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ठाणे-वाशी लोकल पकडली.

तिथे पहिलाच एरर: लायब्ररी सापडत नाही. कंपाइल केलेली फाइल आपल्याला सबंध प्रोग्राम वाटते, पण तिच्यात निम्म्या गोष्टींचे फक्त पत्ते असतात. व्हिडिओ उलगडायला एफएफएमपेग, सबटायटल रंगवायला लिबॲस, पट्टी उतरवायला रबरबँड. ही मंडळी संगणकावर आधीपासून राहत असतील हे प्लेअर गृहीत धरतो. माझ्याकडे २०२४ ची उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार), मामाकडे २०२० ची. माझ्या प्लेअरला एफएफएमपेगच्या कोडेक (आवाज-चित्र उलगडणाऱ्या) लायब्ररीची ६० क्रमांकाची आवृत्ती हवी होती, मामाकडे होती ५८. मी थोडी लबाडी करून ५८ लाच ६० ची पाटी लावून पाहिली. जमलं नाही. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनवरही आवृत्तीचा शिक्का असतो. दारावरची पाटी बदलून आतली माणसं बदलत नाहीत.

मग घरच्या लायब्रऱ्या एका फोल्डरमध्ये भरून पुन्हा फेरी. आता तक्रार जीलिबसीची. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्याच्यावर उभा असतो तो हा पाया. मामाकडे २.३१, माझ्याकडे २.३९. जुन्या पायावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलटं चालत नाही. आणि हा पाया उचलून दुसरीकडे नेणं जोखमीचं, कारण प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर आणि जीलिबसी एकाच बांधणीचे असावे लागतात. म्हणून ठाण्यात २०२० च्या उबुंटूचा कंटेनर (माझ्याच संगणकात जुन्या उबुंटूची वेगळी खोली) उघडून त्यात प्लेअर नव्याने बांधला आणि एफएफएमपेग त्याच्या पोटातच शिवून टाकलं. फाइल फुगली, पण परावलंबन कमी झालं. (एफएफएमपेगमध्ये उद्या सुरक्षेची दुरुस्ती आली, की हा प्लेअर मलाच पुन्हा बांधावा लागणार, हे मामाला अजून सांगितलेलं नाही.)

तिसऱ्या खेपेला प्लेअरची खिडकी उघडली. मामाने तानपुरा लागायची वाट पाहिली, आणि षड्ज ऐकू यायच्या आत खिडकी गायब. टर्मिनलवर एकच ओळ: इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

'अरे, मी काय बेकायदेशीर केलं?' मामा.

त्याने काहीच केलं नव्हतं. कंपाइल करताना मी 'नेटिव्ह' हा पर्याय दिला होता. त्याचा अर्थ, समोर जो प्रोसेसर आहे त्याच्या मापाने कापड बेत. माझ्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ नावाच्या सूचना येतात. एकेका बाइटचे ३२ पिक्सेल एका दमात हाताळणाऱ्या. इंटेलने त्या २०१३ मध्ये हॅसवेल पिढीपासून दिल्या. मामाचा प्रोसेसर त्याआधीच्या पिढीचा. त्याच्या लेखी ती सूचना म्हणजे न शिकलेली लिपी. अशा वेळी प्रोसेसर अंदाज बांधत बसत नाही, हात वर करतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोग्राम जागच्या जागी संपवते. कंटेनरने जुनी उबुंटू दिली होती. प्रोसेसर मात्र माझाच होता, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

गंमत म्हणजे एफएफएमपेगच्या लेखकांनी याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. वेगाच्या नाजूक जागांसाठी एकाच कामाचे अनेक नमुने हाताने असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेले आहेत. चालू होताना ते प्रोसेसरला विचारतात, तुला काय काय येतं? आणि त्याला झेपेल तोच नमुना निवडतात. म्हणजे तो पर्याय काढला असता तरी वेग फारसा गेला नसता. मी शहाणपणा करून उरलेला सगळा कोड माझ्या मापाचा करून ठेवला होता.

शेवटी मामाच्याच संगणकावर कंपाइल करायला बसलो. पंखा घरघरत होता, दोन चहा झाले. 'हे पहिल्याच रविवारी का नाही केलंस?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रेकॉर्डिंग लागलं. मामाने पेटी पुढे ओढली, काळी एक दाबली, मान डोलावली आणि मग कपाळाला आठी घातली. 'गळा बरोबर आलाय, पण तबला उतरलेला वाटतोय.' वाटणारच. आवाजाच्या एकाच लाटेत दोघे मिसळलेले. त्यात गवई कोण आणि तबलजी कोण हे रबरबँडला कळत नाही, ते दोघांनाही तीन पट्ट्या खाली आणतं.