घरच्या कागदपत्रांची आवराआवर

घरातल्या कामाच्या टेबलावर, ड्रॉवरमधे आणि पिशव्यांमधे साठलेली बिलं, पावत्या, बँकेची पत्रं, वॉरंटी कार्डं, मेडिकल रिपोर्ट वगैरे निवडून काही ठेवणं, काही स्कॅन करणं आणि बाकीचं नष्ट करणं म्हणजे कागदपत्रांची आवराआवर. बघायला गेलं तर साफसफाईच, पण झाडू मारण्याइतकं सोपं नाही, कारण प्रत्येक कागद हातात घेऊन ठरवावं लागतं की याचं करायचं काय, आणि ते आला त्या दिवशी ठरवलं नाही म्हणूनच तर तो "नंतर बघू"च्या चळतीत गेलेला असतो. जागेचा प्रश्न तसा फार नसतोच, ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारे) ५०० कोरे ए४ कागद रचले तर जेमतेम ५ सेंमी उंची आणि अडीच किलो वजन भरतं.

फायलींची सोय जुनीच आहे. जर्मनीतल्या फ्रिडरिख सोनेकेन यांनी फायलीत लावायला कागदाला भोकं पाडायच्या पंचचं पेटंट १८८६ मधे घेतलं. पण विषयवार फायली केल्या की एक घोळ होतोच, गाडीच्या विम्याची पावती 'गाडी'त घालायची का 'विम्या'त? मग ती जाते 'इतर'मधे, आणि 'इतर' ही फाईल म्हणजे परत तीच चळत, फक्त पुठ्ठ्यात घातलेली.

यावर जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची पद्धत मला तरी सगळ्यात पटते. विषय बघायचाच नाही, प्रत्येक कामाचे कागद एका मोठ्या पाकिटात घालून पाकिटं शेल्फवर उभी लावायची, नवीन पाकीट डावीकडे, आणि वापरलेलंही परत ठेवताना डावीकडेच. न लागणारी पाकिटं आपोआप उजवीकडे सरकत जातात, टाकायचं काय ते तिथे बघायचं. अर्थात जन्मदाखला, घराचे कागद असली मूळ कागदपत्रं यात घालू नयेत, ती कितीही वर्षं हात न लावता पडून राहिली तरी लागतातच.

दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांचं मात्र वेगळं आहे. तो थर्मल कागद असतो, छपाई शाईने नाही तर उष्णतेने होते आणि काही महिन्यात ती फिकी पडायला लागते, म्हणून वॉरंटीची पावती लगेच स्कॅन करावी, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं. स्कॅन केलेल्या फाईलच्या नावात आधी वर्ष मग महिना मग तारीख टाकली की सगळं ओळीने लागतं. टिकावी म्हणून पावती गरम लॅमिनेशनला दिली तर ती सरळ काळी पडते :)

टाकायच्या कागदावर खाते नंबर किंवा सही असेल तर नुसत्या उभ्या पट्ट्या करणारा श्रेडर कामाचा नाही. १९७९ मधे तेहरानच्या अमेरिकन दूतावासात श्रेड केलेले कागद इराणी लोकांनी पट्टीला पट्टी जोडून परत वाचले होते. आडवे उभे तुकडे करणारा क्रॉस-कट श्रेडर घ्यावा.