लोकवर्गणी, ऑनलाइन

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंताच्या, लेखकाच्या किंवा चित्रपटकाराच्या नियोजित कामासाठी अनेकांनी इंटरनेटवरून थोडीथोडी रक्कम कबूल करण्याची पद्धत. व्यवहारात ती 'क्राउडफंडिंग' या नावाने रूढ आहे. एका कामासाठी ठराविक मुदतीत रक्कम उभी करणे आणि कलावंताला दरमहा वर्गणी देत राहणे, हे तिचे दोन मुख्य प्रकार. उपचारांच्या खर्चासाठी होणारी आवाहने येथे विचारात घेतलेली नाहीत. स्थानिक उदाहरण म्हणून सोलापूर शहर घेतले आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तो अठराव्या शतकातील युरोपीय वर्गणीदारांपर्यंत मागे जातो. अलेक्झांडर पोप याने 'इलियड'चे इंग्रजी भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केले, ते सुमारे पावणेसहाशे वर्गणीदारांच्या बळावर. मोझार्टने १७८४ साली व्हिएन्नातील मैफलींसाठी पावणेदोनशेच्या आसपास वर्गणीदार मिळवले होते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झरने १८८५ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली, हे उदाहरण वारंवार दिले जाते. मात्र ते सार्वजनिक स्मारकाचे काम असल्यामुळे या विषयात त्याला गौण स्थान द्यावे लागते.

दुसरे मत महाराष्ट्रातील परंपरांकडे बोट दाखवते. तमाशातील दौलतजादा (प्रेक्षकांनी कलावंताला दिलेली बक्षिसी), गावकीची लोकवर्गणी, अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड (स्वदेशी उद्योगांसाठी लोकांकडून एकेक पैसा जमवणारा निधी; यातूनच १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला) आणि मराठी प्रकाशनव्यवहारातील प्रकाशनपूर्व नोंदणी ही त्याची उदाहरणे. शाहीर राम जोशी यांच्या सोलापुरात या मताला साहजिकच जवळीक वाटते. परंतु दौलतजादा कला सादर होत असताना मिळते, भविष्यातील कामासाठी नव्हे. पैसाफंडात देणाऱ्याला वस्तुरूपाने काही परत मिळत नसे. प्रकाशनपूर्व नोंदणी मात्र खरोखर जवळची आहे. वाचक पैसे आधी देतो, पुस्तक नंतर घेतो आणि दोन्हींमधला काळ प्रकाशकाच्या शब्दावर निभावतो.

तिसरे मत इंटरनेटपासून आरंभ धरते. १९९७ मध्ये मॅरिलियन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या अमेरिकेतील चाहत्यांनी त्याच्या दौऱ्यासाठी सुमारे ६०,००० डॉलर जमवले. पुढाकार चाहत्यांचा होता. २००१ मध्ये याच वाद्यवृंदाने पुढील ध्वनिमुद्रिकेसाठी १२,००० हून अधिक आगाऊ मागण्या नोंदवून घेतल्या. आर्टिस्टशेअर (२००३), इंडिगोगो (२००८) आणि किकस्टार्टर (२८ एप्रिल २००९) ही अशी वर्गणी जमवून देणारी संकेतस्थळे त्यानंतरची.

या तिन्ही मतांत एक गोष्ट निसटते. आजच्या पद्धतीचे वेगळेपण तिच्यातील अटीत आहे : उद्दिष्टाइतकी रक्कम कबूल झाली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कोणाचेही घ्यायचे नाहीत. जॉन केल्सी व ब्रूस श्नायर या संगणक-सुरक्षातज्ज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याच्या अगदी जवळची योजना मांडली होती. लोकांनी रक्कम त्रयस्थाकडे ठेवावी, आणि पुरेशी जमल्यावर लेखकाने आपली कृती सर्वांसाठी खुली करावी. या योजनेला त्यांनी रस्त्यावरच्या कलावंताचे नाव दिले होते. जुन्या वर्गणीशी नाते मान्य करूनही, कबुलीच्या पद्धतीचा आरंभ या सुमाराचा धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

कार्यपद्धती : किकस्टार्टरवर कलावंत उद्दिष्ट आणि जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत जाहीर करतो. पाठीराखा कार्डाचा तपशील देऊन रक्कम कबूल करतो, पण खात्यातून पैसे मुदत संपल्यावर आणि उद्दिष्ट गाठले असल्यासच वळते होतात. म्हणून मोहीम चालू असताना पानावर दिसणारा आकडा हा जमा निधी नसतो. शेवटी काही कार्डे नाकारली जातात आणि ती दुरुस्त करण्यास सात दिवस मिळतात. संकेतस्थळ ५ टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. इंडिगोगोने, उद्दिष्ट न गाठताही जमेल तेवढे कलावंताला देण्याचा पर्याय ठेवला. त्यात अपुऱ्या पैशांत काम अंगावर घेण्याचा धोका राहतो.

रकमेच्या मोबदल्यात कलावंताने देऊ केलेली भेटवस्तू पाठीराख्याला मिळेलच अशी खात्री संकेतस्थळ देत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांच्या २०१५ च्या पाहणीत किकस्टार्टरवरील यशस्वी मोहिमांपैकी सुमारे ९ टक्के मोहिमांनी भेटी पोचवल्या नाहीत असे आढळले. उशीर मात्र सर्रास होतो. भेटीचे वजन व पाठवणीचा खर्च कमी धरणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. भेट म्हणून सोलापुरी चादर द्यायची तर हा हिशेब आधी करावाच लागेल.

दरमहा वर्गणीचा प्रकार पेट्रिऑन (२०१३) या संकेतस्थळाने रूढ केला. त्यात उद्दिष्ट नसते, मुदतही नसते. येथील कळीचा प्रश्न लहान रकमेवरील खर्चाचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट पाठीराख्याकडून घेण्याचे ठरवले. त्यामुळे एक डॉलर देणाऱ्याला सुमारे १.३८ डॉलर मोजावे लागले असते. कलावंतांच्या तीव्र विरोधामुळे हा निर्णय काही दिवसांत मागे घेण्यात आला, आणि ते योग्यच झाले. एक-एक डॉलर देणारे पाठीराखेच लहान कलावंताचा आधार असतात.

भारत : शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून निघालेला 'मंथन' (१९७६) हा हिंदी चित्रपट हे भारतातील सर्वपरिचित पूर्वोदाहरण. त्यात सुमारे पाच लाख दूध उत्पादक सहभागी होते. प्रेक्षकांच्या पैशांतून निघालेला 'लुसिया' (२०१३) हा कन्नड चित्रपट सोलापूरच्या कन्नड भाषकांना अधिक जवळचा. पण तेथील पैसा गुंतवणुकीच्या स्वरूपाचा होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खात्यातून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. ही व्यवस्था नसलेल्या परदेशी संकेतस्थळांच्या भारतीय कार्डांवरील मासिक वर्गण्या तेव्हा अडल्या. उलट यूपीआयवरील व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य असल्यामुळे थेट पाठवलेले वीस रुपये पूर्ण पोचतात.

सोलापूर : मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या गिरणी व यंत्रमागाच्या शहरात गणेशोत्सव, जयंत्या यांसाठी पावती पुस्तकावर वर्गणी देण्याची सवय पक्की आहे. मागणारा ओळखीचा असतो आणि हिशेब पेठेतच विचारता येतो. लघुपट करणारा तरुण किंवा कवितासंग्रह काढणारा कवी हीच ओळख व्हॉट्सॲपवर वापरतो. क्यूआर कोड पाठवला जातो. पहिले पैसे नातलगांचे, वर्गमित्रांचे आणि नोकरीसाठी पुणे-हैदराबादला गेलेल्यांचे येतात. आवाहन फक्त मराठीत असेल तर पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर वस्ती त्यातून वगळली जाते. या थेट मार्गात खर्च नाही, पण वर सांगितलेली अटही नाही. रक्कम अपुरी पडल्यास प्रत्येकाचे पैसे शोधून परत करण्याचा भार एकट्या कलावंतावर येतो. नातलग नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम निव्वळ भेट म्हणून मिळाल्यास ती करपात्र ठरते; मोबदल्यात पुस्तक किंवा तिकीट दिले असेल तर ती व्यवसायाचे उत्पन्न मानली जाते.