लिंक उघडत नाही म्हणजे नक्की कुठे अडतं?

दिवाळीत कऱ्हाडला मामांकडे गेले होते, तर चहा हातात यायच्या आधीच मामांनी सांगितलं की कॉम्प्युटरवर एकपण लिंक उघडत नाहीये, "अगं व्हायरस आलाय बहुतेक, सगळीकडे लाल त्रिकोण दाखवतंय." कॉम्प्युटर पावसाळाभर बंद होता. घरचं वायफाय चालू होतं, त्याच वायफायवर मामींच्या फोनमध्ये व्हिडिओ मस्त चालला होता, म्हणजे नेट गेलेलं नव्हतं. मी खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर तिथे साल २०१६.

कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो आणि तो संपला की कॉम्प्युटर कुठल्यातरी जुन्या तारखेला जाऊन बसतो. आता तारखेचा आणि लिंकचा काय संबंध, हे मामांनी लगेच विचारलं आणि प्रश्न बरोबरच आहे. आज जवळपास प्रत्येक साईट एचटीटीपीएसवर चालते, म्हणजे साईट उघडताना ती आधी स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवते आणि त्यावर या तारखेपासून या तारखेपर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. ब्राउझर ती मुदत तुमच्या मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१६ म्हणत असेल तर आजचं कुठलंही सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही, मग तो सगळ्यांनाच दारात अडवतो. क्रोम बऱ्याचदा सरळ लिहितो पण की तुमचं घड्याळ मागे आहे, पण लाल त्रिकोण दिसला की खालचं वाचतंय कोण. तारीख बदलली, ब्राउझर बंद करून परत उघडला, लिंका चालू. नवीन सेल दुसऱ्या दिवशी आणून टाकला.

ही मुदत आता अजून कमी होत चाललीय. २०२० पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं देता येत होतं, मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवस, असं सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझरवाल्यांनी मिळून ठरवलंय. म्हणजे घड्याळ चुकलं तर लवकर कळणार, आणि साईटवाल्याने सर्टिफिकेट वेळेत बदललं नाही तर तेही लवकर कळणार. तारीख बरोबर असताना फक्त एकाच साईटवर इशारा येत असेल तर चूक तिकडची आहे, आणि अशा वेळी "तरीही पुढे जा" दाबून बँकेच्या किंवा पैसे भरायच्या पानावर कधीच जाऊ नका, हे मी मामांना दोनदा सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

जुन्या मशीनची अजून एक गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट खरं की खोटं हे ठरवायला त्यांच्याकडे विश्वासू संस्थांची एक यादी असते आणि ती यादीपण जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशा यादीतल्या एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभर बरीच जुनी उपकरणं चांगल्या चालणाऱ्या साईट्स नाकारायला लागली. जुन्या कॉम्प्युटरवर असं होत असेल तर फायरफॉक्स टाकून बघा, तो स्वतःची यादी स्वतःबरोबर आणतो.

तारीख सुधारल्यावर मामा एकेक बुकमार्क दाबत बसले, पंधरा-वीस वर्षांत जमवलेले. बरेचसे उघडले, काही नाही उघडले, आणि न उघडणाऱ्यांपैकी प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. मला तेव्हा वाटलं की हेच लोकांना सांगायला पाहिजे. आपण म्हणतो "लिंक चालत नाही", पण लिंक ही वस्तू नाही, तो नुसता पत्ता आहे, आणि तुम्ही क्लिक केल्यावर ब्राउझर ओळीने प्रश्न विचारत जातो. या नावाचा सर्व्हर, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते ते मशीन, कुठे आहे, तो दार उघडतो का, तो खरा आहे का, त्याच्याकडे हे पान आहे का, आणि पान आलं तर ते नीट मांडता येतंय का. कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही ते बहुतेक वेळा स्क्रीनवर लिहिलेलं असतं. ते वाचायच्या आधी कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) पुसणं, राउटर बंद-चालू करणं, ब्राउझर काढून परत टाकणं हे सगळं म्हणजे ताप आहे की खोकला हे न बघता गोळ्या घेण्यासारखं आहे.

पहिला बुकमार्क एका गिर्यारोहणाच्या साईटचा होता. त्यावर "ही साईट सापडत नाही" आणि खाली बारीक अक्षरात एनएक्सडोमेन असं काहीतरी. एनएक्स म्हणजे अस्तित्वात नाही. हा अगदी पहिल्या प्रश्नावरचा नकार. इंटरनेटवर मशीनं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं आपल्यासाठी असतात, आणि नावावरून आकडा सांगायचं काम डीएनएस करतं. आधी हे सगळं एका साध्या फाईलमध्ये असायचं, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली, फाईल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, ज्यात कुणा एकाकडे सगळी यादी नसते, प्रत्येक जण आपल्यापुरतं सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळपास सहा तास बंद होते ते आठवत असेल. तेव्हा त्यांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये दुरुस्ती करताना चूक झाली आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर बाकीच्या इंटरनेटला दिसेनासे झाले, म्हणजे त्यांचा पत्ता सांगणारंच कुणी उरलं नाही.

अशा वेळी घरी करायची चाचणी साधीच आहे, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तीच लिंक उघडा. तिकडे उघडली तर गडबड तुमच्या घरच्या नेटवाल्याच्या डीएनएसमध्ये असू शकते आणि सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस टाकून काम होतं, चार वेळा ८ किंवा चार वेळा १, मध्ये टिंबं देऊन. कुठेच उघडली नाही तर बहुतेक साईटवाल्याने नावाचे वार्षिक पैसे भरले नाहीत. मामांच्या गिर्यारोहणवाल्यांचं तेच झालं असणार.

रेल्वे स्टेशन किंवा हॉटेलच्या फुकट वायफायवर वेगळाच प्रकार होतो, लिंक नुसती फिरत राहते. तिथे आधी मोबाईल नंबर टाकायचं पान यायला हवं असतं, पण तुम्ही एचटीटीपीएसची लिंक उघडताय आणि मधल्या कुणी तिसरंच पान पुढे केलेलं ब्राउझर खपवून घेत नाही, ते योग्यच आहे. मग नेव्हरएसएसएल डॉट कॉम नावाची साईट उघडायची, ती मुद्दाम साध्या एचटीटीपीवर, म्हणजे सर्टिफिकेटशिवाय, ठेवलेली आहे, तिच्यावर गेलं की लॉगिनचं पान समोर येतं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

दुसरा बुकमार्क ४०४. हा आकडा दिसला की लोक हताश होतात, पण ४०४ म्हणजे नाव सापडलं, सर्व्हरने दार उघडलं, बोलला, फक्त हे पान माझ्याकडे नाही म्हणाला. तुमच्या नेटमध्ये, फोनमध्ये काहीही बिघाड नाही, उगाच राउटरला हात लावू नका. ४०३ असेल तर तो म्हणतोय की तुला दाखवणार नाही, ४१० म्हणजे होतं पण कायमचं काढलं, आणि ५ ने सुरू होणारे आकडे म्हणजे सर्व्हरलाच बरं नाहीये, तासाभराने या. ४०४ ला आधी पत्त्याचं शेपूट बघा. मेसेजमधून लिंक उचलताना वाक्याचा पूर्णविराम किंवा कंस चिकटून येतो, किंवा लांब लिंक दोन ओळींत तुटते आणि अर्धीच निळी होते. साईटच्या नावात कॅपिटल-स्मॉल काहीही चालतं पण पहिल्या तिरप्या रेघेनंतर बऱ्याच सर्व्हरवर चालत नाही. तेही बरोबर असेल तर मागून एकेक तुकडा खोडत या, शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंत, मग तिच्या आधीच्या, कुठेतरी यादीचं पान लागतं आणि हवं ते नव्या जागी सापडतं. मामांचं सापडलं, साईटने फक्त फोल्डर बदलले होते.

साईटवाल्यांनी जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवायची सोय ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, दोन ओळींचं काम असतं. टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केलं तेव्हा लिंक एकाच बाजूने जाणारी ठेवली, समोरच्या पानाला माहीतच नसतं की आपल्याकडे कोण बोट दाखवतंय. म्हणून कुणाला न विचारता कुणीही कुणालाही लिंक देऊ शकलं आणि वेब एवढं वाढलं, आणि म्हणूनच पान हललं की मागच्या लिंका मुक्याने तुटतात.

तिसरी केस मजेशीर होती. मामांच्या क्रोममध्ये एक साईट "खूप वेळा रीडायरेक्ट झालं" म्हणून थांबायची, माझ्या फोनवर नीट. अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो अ कडे जा, ब्राउझर साधारण वीस वेळा ऐकतो आणि मग सोडून देतो. बऱ्याचदा जुनी कुकी, म्हणजे साईटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, किंवा ब्राउझरने लक्षात ठेवलेला जुना ३०१, म्हणजे "कायमचं तिकडे गेलंय" हा निरोप, याच्या मुळाशी असतो. अशा वेळी इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडोत लिंक उघडा. तिथे कुकी कोऱ्या असतात आणि एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, सहसा बंद असतात, त्यामुळे तिथे चालली तर दोष तुमच्या ब्राउझरच्या साठवणीत आहे हे नक्की, मग फक्त त्या साईटच्या कुकी आणि कॅशे पुसा, सगळ्या नको, नाहीतर सगळीकडून लॉगआउट व्हाल. क्लिक करून काहीच होत नाही, साधा एररपण नाही, तेव्हासुद्धा हीच चाचणी, तिथे गुन्हेगार बहुतेक वेळा ॲड ब्लॉकर किंवा पॉपअप अडवणारं एक्सटेन्शन असतं.

आता ज्यासाठी खरंतर लिहायला बसले ते. मामांनी कऱ्हाडबद्दलच्या एका पानाचा पत्ता स्वतः मराठीत टाईप करून वहीत, म्हणजे वर्डमध्ये, ठेवला होता. तो उघडेना, आणि तेच पान गुगलमधून उघडत होतं. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले, अक्षर न् अक्षर सारखं. मग मी दोन्ही ॲड्रेस बारमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकले. मराठी पत्ता कॉपी केला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते हे तुम्ही बघितलं असेल, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या व्यवस्थेच्या) यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट, म्हणजे साठवणीचे ३ तुकडे, घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहितात, म्हणून पाच चिन्हांचा "मराठी" शब्द ४५ अक्षरांचा होतो. दोन माळा मोजल्या तर एक लांब निघाली.

कारण आपला कऱ्हाडमधला, सुऱ्यांमधला, दऱ्यांमधला तो अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका तऱ्हेत नुक्तावाला ऱ, हलन्त आणि ह. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि ह. डोळ्याला दोन्ही एकच, पण पहिल्या तऱ्हेने "कऱ्हाड" १८ बाइटचं होतं आणि दुसऱ्या तऱ्हेने २१ चं. सर्व्हर डोळ्याने वाचत नाही, बाइट जुळवतो, त्याच्यासाठी ही दोन वेगळी गावं आहेत. ॲपमधल्या ॲ चंही तसंच, तो स्वतंत्र अक्षर म्हणूनही येतो आणि अ, अदृश्य जोडचिन्ह, चंद्र असाही येतो. फोनच्या कीबोर्डवर एक, कॉम्प्युटरवर दुसरा. त्यामुळे मराठी पत्ता हाताने टाईप करू नका, कॉपी करा, आणि मराठी साईट चालवत असाल तर कृपा करून दोन्ही रूपं एकाच पानाकडे वळवा. आपल्या भाषेतली ही अडचण आपणच सांभाळली पाहिजे, बाहेरच्या कुणाला ती दिसणारसुद्धा नाही.

शेवटचा बुकमार्क अभंगांचा, मामांनी साधारण २००५ मध्ये ठेवलेला, आणि ती साईट कायमचीच गेलेली. अमेरिकेतल्या प्यू रिसर्चने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, तर २००५ ची काय कथा. अशा वेळी वेबॅक मशीन. सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबच्या प्रती काढून ठेवतेय आणि २००१ पासून त्या सगळ्यांना खुल्या आहेत. मेलेला पत्ता तिथे टाकला, कॅलेंडरवर २००६ चं एक निळं वर्तुळ आलं, दाबलं, पान उघडलं, आणि त्यावर अभंगाऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं असा सगळा गोंधळ. साईट युनिकोडच्या आधीची, तिने स्वतःचा मराठी फॉन्ट वापरलेला, आणि तो फॉन्ट आता मशीनवर नाही. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव मिळालं, त्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर शोधला, मजकूर त्यात टाकला. काही जोडाक्षरं चुकली, ती मामांनी तोंडपाठ अभंगावरून एकेक करून दुरुस्त केली, रात्री साडेअकरापर्यंत.