झोतांच्या नकाशातून वाचलेलं वय

एप्रिलच्या रात्री नागपुरात गच्चीवर अंथरूण टाकलं, की अकराच्या सुमारास कन्या रास जवळपास डोक्यावर आलेली असते. त्याच दिशेला साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर एम८७ ही दीर्घिका आहे. १९१८ साली हेबर कर्टिस यांना तिच्या केंद्रातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. ती रेघ म्हणजे सुमारे ५,००० प्रकाशवर्षं लांबीचा झोत. सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराजवळून तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतो.

असे झोत रेडिओलहरींत ठळक दिसतात, कारण त्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेत त्या लहरी सोडतात. अडचण असते तपशिलाची. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटरची एकटी तबकडी आकाशातला जवळपास चंद्राएवढा तुकडा एकत्रच पाहते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत अशा ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत आणि त्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत आपसांत ताडून पाहिले जातात. मग बारकावा दोन विकलांपर्यंत पोचतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). झिरो माइलपाशी उभं राहून दीक्षाभूमीपाशी धरलेलं दहा रुपयांचं नाणं दिसावं, इतका!

पण नुसत्या लांबच्या जोड्या पुरत नाहीत, आणि मला या रचनेतलं हेच शहाणपण सर्वांत जास्त भावतं. लांबच्या जोड्यांना बारीक झोत दिसतो, पण त्याच्या टोकाशी फुगलेले विरळ ढग त्यांच्या हातून निसटतात. ते जवळच्या जोड्या टिपतात. म्हणून जीएमआरटी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ तबकड्या मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात उभ्या केल्या, उरलेल्या तीन भुजांवर. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची दिशा बदलते आणि नकाशा भरत जातो.

या नकाशांतून वयही कळतं. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात. त्यामुळे जुना ढग आधी उच्च कंप्रतेवर मावळतो. कमी कंप्रतेवर तो पुढेही दीर्घकाळ दिसत राहतो. दोन कंप्रतांचे नकाशे शेजारी ठेवले, की झोत कधी थांबला याचा अंदाज येतो. काही दीर्घिकांत तर केंद्राच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या ढगांच्या जोडीच्या आत नवी जोडी सापडते, म्हणजे केंद्र मध्यंतरी शांत होऊन पुन्हा जागं झालेलं.

जीएमआरटीचं १५० मेगाहर्ट्झचं आकाश-सर्वेक्षण सर्वांना खुलं आहे. नागपुरातल्या बीएस्सीच्या मुलामुलींनी ते जरूर उघडावं, समोरासमोरचे दोन फिकट ठिपके शोधावेत आणि त्यांच्या मधोमध दीर्घिका आहे का, हे दृश्यप्रकाशातल्या छायाचित्रात तपासावं.